बाहेरचा मॉनिटर लुकलुकतोय? खिशात हात घालण्याआधी हे तपासा

लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर लुकलुकायला लागला की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर अख्खा रविवार घालवून विंडोज नव्याने टाकतो, नाहीतर मॉनिटर चादरीत गुंडाळून रिक्षाने दुकानात नेतो. दुकानदार स्वतःची केबल लावतो, मॉनिटर ठणठणीत चालतो, आणि घरी येऊन आपली जुनी केबल खोचली की पुन्हा तोच खेळ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कारण शोधणं तसं अवघड नाही. पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) तिन्ही एकदम बदलले आणि मॉनिटर सुधारला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही. महिन्याभराने त्रास परत आला की पुन्हा श्रीगणेशा.

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या नोकरीसाठी घरी पहिल्यांदाच दुसरा स्क्रीन लावलेला असो, किंवा कॉट बेसिसच्या खोलीत अर्ध्या टेबलावर मॉनिटर मांडलेला असो, तपासायची पद्धत तीच. सामान फार लागत नाही. आणखी एक केबल (सेट टॉप बॉक्सची काढून घेतलेली चालेल), फोनचा कॅमेरा आणि जमलं तर रूममेटचा लॅपटॉप. स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही. तो हातात घ्यावासा वाटला तरी घेऊ नका, कारण पुढे येईलच.

आधी नीट बघा: लुकलुकतो म्हणजे काय करतो?

'फ्लिकर होतंय' या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार राहतात. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून आधी फोनवर अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. तो पुढे सर्व्हिसवाल्याला दाखवायलाही कामी येतो, कारण तंत्रज्ञ घरी आला की मॉनिटर हमखास शहाण्यासारखा वागतो.

पहिला प्रकार: पडदा पूर्ण काळा होतो आणि एक-दोन-तीन सेकंदांनी परत येतो. म्हणजे लॅपटॉप आणि मॉनिटरचं बोलणं मध्येच तुटलं आणि पुन्हा जुळलं. इथे एक बारीक गोष्ट बघायची. काळं झालं त्या वेळी मॉनिटरवरच्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन पडतात किंवा आपोआप मिनिमाइज होतात का? तसं होत असेल तर लॅपटॉपला वाटलंय की मॉनिटर काढूनच टाकला. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन 'मॉनिटर जोडलेला आहे' एवढंच सांगण्यासाठी असते. तिचा संपर्क सुटला की असं होतं. संशय सैल पोर्टवर, ढिल्या टोकावर किंवा डॉकवर (लॅपटॉपच्या एका तोंडातून अनेक जोडण्या देणारा डबा; हब हा त्याचाच धाकटा भाऊ). खिडक्या जागच्या जागी राहिल्या आणि फक्त चित्र गेलं, तर जोडणी शाबूत आहे पण माहिती नीट पोचत नाही. संशय केबलच्या दर्जावर.

दुसरा: पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकतात, एखादी आडवी रेघ क्षणभर येऊन जाते. हा जवळजवळ नेहमीच केबलचा किंवा कन्व्हर्टरचा दोष.

तिसरा: चित्र जात नाही, पण उजेड थरथरतो, कमी-जास्त होतो, डोळे चुरचुरतात. हा मॉनिटरच्या बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा), वीजपुरवठ्याचा किंवा बदलत्या रिफ्रेश रेटचा (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं त्या आकड्याचा) मामला. इथे केबल बदलून उपयोग होत नाही.

चौथा: फक्त ब्राउझर किंवा एखादंच ॲप लुकलुकतं, बाकी पडदा शांत. हे सॉफ्टवेअर. आणि पाचवा, जुन्या व्हीजीए जोडणीत (जिचं टोक दोन स्क्रूंनी आवळतात ती) दिसणारा: अक्षरांना सावली, चित्रात लाटा, सगळं किंचित हलतंय असं वाटणं.

दहा मिनिटांच्या चाचण्या, फुकटातल्या

१. मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटनाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा, तोच ज्यात ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट असतो. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नाही. मागचं चित्र थरथरतंय पण मेनू स्थिर आहे, तर पॅनेल आणि बॅकलाइट ठीक, दोष अलीकडे, म्हणजे केबल किंवा लॅपटॉपच्या बाजूला. मेनूही चित्रासोबत थरथरतोय, तर मॉनिटर किंवा त्याची वीज. ही चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारासाठी. पडदा पूर्ण काळा होणाऱ्या पहिल्या प्रकारात ती फसवते, कारण सिग्नल तुटला की बरेच मॉनिटर मेनूही बंद करतात.

२. सिग्नलची केबल काढून टाका. मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवील. पडदा आपोआप बंद व्हायच्या आत त्याच्याकडे नीट बघा. केबल नसतानाही उजेड हलतोय तर लॅपटॉपची सुटका झाली.

३. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो बाहेरच्या मॉनिटरवर ओढा. सगळा पडदा लुकलुकतो आणि टास्क मॅनेजरही त्यात सामील, तर ड्रायव्हर किंवा त्यापुढची जोडणी. टास्क मॅनेजर शांत आणि बाकीचं लुकलुकतं, तर एखादं ॲप. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सल्लाही हाच आहे.

४. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि पाच मिनिटं बॅटरीवर चालवा. लुकलुकणं थांबलं तर थेट विजेच्या भागाकडे जा, मधलं वाचायची गरज नाही.

५. अदलाबदल. तीच केबल आणि तोच मॉनिटर सेट टॉप बॉक्सला लावा. मग तोच लॅपटॉप, तीच केबल घरच्या टीव्हीला. दोन्हीकडे त्रास दिसला तर दोन्हीकडे समान असलेली वस्तू दोषी, म्हणजे केबल. सावध राहा: सेट टॉप बॉक्स फार तर १०८० रिझोल्यूशनचं चित्र देत असेल आणि तुमचा मॉनिटर ४के (१०८० च्या चौपट ठिपक्यांचा) असेल, तर केबलवर खरा ताण पडलेलाच नाही. तिथे पास झालेली केबल लॅपटॉपवर नापास होऊ शकते.

केबल: निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्या

केबलबद्दल लोकांची समजूत अशी की चित्र येतंय म्हणजे केबल चांगली. जुन्या अँटेनाच्या टीव्हीत सिग्नल हळूहळू बिघडायचा, मुंग्या दिसायच्या, गच्चीवर जाऊन अँटेना फिरवला की सुधारायचा. डिजिटल जोडणी तशी नाही. ती एका मर्यादेपर्यंत निर्दोष चालते आणि मर्यादा ओलांडली की ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो. मधली पायरी अगदी छोटी असते. तुमचा मॉनिटर केबलमुळे लुकलुकत असेल, तर ती केबल नेमकी त्या काठावर उभी आहे.

काठ कुठे असतो ते आकड्यांनी बघू. एचडीएमआयवर १०८० चं चित्र ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पाठवायला सेकंदाला सुमारे ४.५ गिगाबिट लागतात. १४४० चा, म्हणजे ज्याला दुकानात २के म्हणतात तो मॉनिटर ६० हर्ट्झला सुमारे ७.२ मागतो. ४के ६० हर्ट्झला मागणी थेट १८ गिगाबिटच्या घरात जाते. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ आहे, २.० ची १८ आणि २.१ ची ४८. म्हणून साध्या केबलवर ४के मॉनिटर ३० हर्ट्झला छान चालतो आणि ६० केलं की दर दोन मिनिटांनी डोळा मारतो. बिघाड झालेला नसतो, फक्त ओझं वाढलेलं असतं.

खोक्यावर '२.०' किंवा '४के' लिहिलंय त्यावर जाऊ नका, ते कुणीही छापतं. केबलच्या खऱ्या श्रेणी अशा: 'हाय स्पीड' म्हणजे १०.२ पर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे १८, 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. वरच्या दोन श्रेणींच्या खोक्यावर स्कॅन करून खात्री करता येईल असं लेबल असतं. १०८० च्या मॉनिटरसाठी साधी हाय स्पीड पुरते, तिथे महागडी केबल घेणं म्हणजे पैशांची नासाडी. ४के साठी मात्र प्रीमियमच्या खाली उतरू नका.

लांबी हा दुसरा शत्रू. टेबलावर दीड मीटर पुरते, फार तर दोन. 'असू दे, उद्या उपयोगी पडेल' म्हणून घेतलेली पाच किंवा दहा मीटरची केबल टेबलामागे वेटोळं घालून पडलेली असते आणि तीच घात करते. डिस्प्लेपोर्टच्या (एचडीएमआयसारखीच चित्राची दुसरी जोडणी) साध्या केबलने पूर्ण वेग हवा असेल तर दोन मीटरच्या पुढे जायचं नाही. टाइप-सीवर तर एक मीटरच्या आसपासच थांबा. दोन छोट्या केबली जोडपट्टीने जोडून एक लांब करणं हा प्रकार पहिल्या फटक्यात बंद करा.

डिस्प्लेपोर्टचं एक वेगळंच दुखणं आहे. (पुण्यात 'डीपी' म्हटलं की एक तर रस्ता, नाहीतर कोपऱ्यावरची महावितरणची पेटी. म्हणून इथे पूर्ण नावच वापरू.) त्याच्या विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो. हा पुरवठा दोन टोकांना जोडायचा नाही असा नियम, पण स्वस्त केबलींत तो जोडलेला असतो. मग मॉनिटरची वीज लॅपटॉपमध्ये उलटी शिरते. लॅपटॉप बंद करूनही पूर्ण बंद होत नाही, झोपेतून उठल्यावर मॉनिटर ओळखत नाही, असले चमत्कार त्यातून होतात. 'विसावी पिन जोडलेली नाही' असं स्पष्ट लिहिलेली किंवा प्रमाणित केबल घ्या.

केबल बदलण्याआधी टोकं बघा. एचडीएमआयला खटका नसतो, केबल फक्त घर्षणावर अडकून राहते. मॉनिटरच्या मागे केबल खाली लोंबत असेल तर तिच्याच वजनाने टोक वाकडं होतं. लॅपटॉप रोज बॅगेत जातो-येतो, रोज केबल काढ-घाल होते, त्यामुळे तिकडचं पोर्ट आधी सैल पडतं. केबल लावलेली असताना टोक हलक्या बोटाने वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. प्रत्येक हलवण्याला पडदा दाद देतोय? मग दुसरी केबल त्याच पोर्टमध्ये लावून तीच चाचणी करा. दुसरीही दाद देते तर पोर्ट गेलं. ते मदरबोर्डवर झाळलेलं असतं आणि बदलून मिळतं, पण तात्पुरता मार्ग म्हणून लॅपटॉपच्या टाइप-सीवरून चित्र काढता येतं का ते बघा. डिस्प्लेपोर्टला खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढलं तर पोर्टसकट निघेल.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खिडकीजवळच्या टेबलावर ओल धरते आणि पिनांवर काजळी साचते. सगळं बंद करून टोकं चार-पाच वेळा काढ-घाल केली तरी बऱ्याचदा संपर्क सुधारतो. त्यापुढे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली इअरबडची काडी टोकावर फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. पोर्टमध्ये फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात.

नवी केबल घ्यायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाणार असाल तर 'चांगली एचडीएमआय द्या' एवढंच म्हणून चालणार नाही. रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि लांबी तिन्ही सांगा: '४के, ६० हर्ट्झ, दीड मीटर, प्रीमियम हाय स्पीड.' बदलून मिळेल का ते आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

रिफ्रेश रेट उतरवून बघा

नवी केबल आणण्याआधी तिची गरज आहे का ते सेटिंगमधूनच कळतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, डिस्प्ले आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वरच्या यादीत बाहेरचा मॉनिटर निवडलाय याची खात्री करा, नाहीतर लॅपटॉपच्याच पडद्याचा रेट बदलून बसाल. १४४ असेल तर १२० किंवा ६० करा. ४के ६० असेल तर ३० करा. पडदा काळा पडला तर घाबरून काही दाबू नका, पंधरा सेकंदांत विंडोज स्वतःच जुन्या सेटिंगवर परत येतं.

कमी रेटला पंधरा मिनिटं एकदाही लुकलुकला नाही आणि वाढवल्यावर लगेच लुकलुकला, तर निदान झालं: वाट अरुंद आहे. केबल, डॉक किंवा कन्व्हर्टर, यांपैकी एक. कमी रेटलाही तसाच लुकलुकतोय तर वेगाचा प्रश्न नाही, संपर्काचा किंवा विजेचा आहे.

याच ठिकाणी एचडीआर (उजळ-गडद छटा जास्त खुलवणारी सोय) चालू असेल तर बंद करा. एचडीआरमध्ये प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट लागतात, म्हणजे ओझं आणखी वाढलं. आणि मॉनिटरच्या मेनूत 'ऑटो सोर्स' किंवा 'ऑटो इनपुट' असेल तर तो काढून तुमचं पोर्ट नेमून द्या. काही मॉनिटर सिग्नल क्षणभर डळमळला की 'दुसरीकडे काही आहे का' म्हणून सगळी पोर्टं धुंडाळत बसतात आणि अर्ध्या सेकंदाचा खंड पाच सेकंदांचा करून ठेवतात.

टाइप-सी, हब आणि डॉक

टाइप-सीचं तोंड सारखं दिसलं तरी प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टाशेजारी विजेच्या बाणासारखी किंवा इंग्रजी डी सारखी खूण असेल तर बहुतेक पडतं. नक्की उत्तर लॅपटॉपच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात. फोनच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल मॉनिटरला लावू नका. ती चार्जिंगची असते, चित्राच्या तारा तिच्यात नसतातच.

स्वस्त हबमध्ये गोम अशी: टाइप-सीत वेगवान माहितीचे चार मार्ग असतात. हबला पेनड्राइव्हसाठी वेगवान यूएसबी द्यायची म्हटली की दोन मार्ग तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन मार्गांत ४के ३० हर्ट्झच बसतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के आणि बारीक अक्षरात ३० हर्ट्झ छापलेलं असतं, तिथे चष्मा लावून वाचा.

हबमधून चार्जर लावताना किंवा काढताना पडदा एकदा काळा होऊन परत येतो. तो बिघाड नाही, वीज किती घ्यायची याची बोलणी लॅपटॉप आणि हब नव्याने करतात त्याचा परिणाम आहे. पण चार्जरला हात न लावताच असं होत असेल तर चार्जर कमी वॅटचा आहे का बघा. हब स्वतःसाठी काही वॅट ठेवून घेतो, त्यामुळे ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ६५ चाच चार्जर हबमधून लावला की पूर्ण वीज पोचत नाही. हब हाताला चटका लागेल इतका तापत असेल तर तो लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यासमोरून हलवा. एक तास हबशिवाय, थेट केबलने चालवून बघितलं की हबचा निकाल लागतो.

कंपनीने दिलेल्या काही डॉकमध्ये डिस्प्लेलिंक नावाची चिप असते. ती चित्र दाबून साध्या यूएसबीवरून पाठवते आणि तिला स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी इथे फरक पडणार नाही, डिस्प्लेलिंकचा अपडेट करावा लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो अधिकार तुम्हाला नसेल, तर आयटी विभागाला डॉकच्या पोटावरचा मॉडेल नंबर कळवा.

वीज आणि अर्थिंग

मॉनिटर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे सोसायटीचा पंप सुरू झाल्यावर किंवा शेजारी मिक्सर लागल्यावर व्होल्टेज थोडं बसलं तरी त्याने लुकलुकायचं कारण नाही. लुकलुकत असेल तर दोष व्होल्टेजपेक्षा जोडणीत: सॉकेटमध्ये हलणारी पिन, ढिला एक्स्टेंशन बोर्ड, किंवा नावापुरतं असलेलं अर्थिंग.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. याची घरगुती खूण म्हणजे चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून मनगट फिरवलं की येणाऱ्या झिणझिण्या. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून येणारा हा बारीक प्रवाह एरवी अर्थिंगमधून निघून जायला हवा. ती वाट नसली की तो एचडीएमआय केबलवरच्या धातूच्या जाळीतून मॉनिटरकडे जातो आणि सिग्नलला ढवळतो. बॅटरीवर चालवल्यावर लुकलुकणं थांबतं ते यामुळेच.

पहिला उपाय सोपा: लॅपटॉपचा चार्जर आणि मॉनिटर एकाच बोर्डवर लावा. दोघांचं अर्थिंग एक झालं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. मॉनिटरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून घातली असेल तर तो कन्व्हर्टर फेकून द्या. त्यानेही फरक पडला नाही तर वायरमनला बोलावून मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. स्वतः मल्टिमीटर सॉकेटमध्ये घालण्याचा उद्योग नवख्याने करू नये. घरमालक 'इतकी वर्षं काही झालं नाही' म्हणेल. तरीही अर्थिंग करून मागा, ते मॉनिटरपेक्षा तुमच्या जिवासाठी आहे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच लुकलुकतो का? साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर अडॅप्टर गुणगुणतो आणि उजेड हलतो. महावितरणची वीज परत आली की बरा होत असेल तर मॉनिटरला दोष देऊ नका. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास नसतो.

एक प्रकार ऐकायला थट्टा वाटेल: खुर्चीवरून उठताना किंवा बसताना मॉनिटर एकदा काळा होतो. गॅस लिफ्टच्या खुर्च्यांत स्थिर वीज साठते आणि ती सुटताना जो झटका हवेत पसरतो तो हलकी जाळी असलेली केबल पकडते. कोरड्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, हे जास्त जाणवतं. चांगली जाळी असलेली छोटी केबल लावली की थांबतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा स्टार्टर फडफडत असेल तर तिच्यामुळेही असं होऊ शकतं. ट्यूब बंद करून बघा, एका सेकंदाची चाचणी आहे.

उजेडच थरथरत असेल तर

मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वर न्या. थरथर थांबली? मग बॅकलाइट कमी उजेडासाठी स्वतःला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतोय. काही मॉनिटर बनवलेलेच तसे असतात, तो बिघाड नाही. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला की आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळे दुखत असतील तर ब्राइटनेस वर ठेवून मेनूतला कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा. पुढच्या खरेदीत 'फ्लिकर फ्री' बघून घ्या.

गेममध्येच, त्यातही अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी उजेड हलतो, तर फ्रीसिंक, जी-सिंक किंवा अडॅप्टिव्ह सिंक बंद करून बघा. रिफ्रेश रेट क्षणाक्षणाला बदलला की गडद छटांचा उजेडही किंचित बदलतो. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर हे जास्त दिसतं. चित्रातला मजकूर बदलला की सगळा उजेड चढतो-उतरतो, तर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' चालू राहिलाय.

ड्रायव्हर

आता कुठे सॉफ्टवेअर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. पडदा एकदा मिटून उघडेल, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होईल, उघडलेलं काम जाणार नाही. यानंतर लुकलुकणं काही वेळ थांबत असेल तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली तुमच्या ग्राफिक्सचं नाव, त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि रोल बॅक. ते बटन पुसट असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट कधी इंटेलच्या, कधी एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं, म्हणून दोन्ही ड्रायव्हर बघावे लागतात.

फक्त क्रोम लुकलुकत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. विंडोज नव्याने टाकायची वेळ या सगळ्यानंतरही क्वचितच येते.

व्हीजीएवाले जुने मॉनिटर

ऑफिसातून निघालेले सेकंडहँड मॉनिटर पुण्यात भरपूर मिळतात आणि त्यांच्यावर बऱ्याचदा व्हीजीएच असतं. टोकाचे दोन्ही स्क्रू हाताने पूर्ण आवळा, मग मॉनिटरवर 'ऑटो ॲडजस्ट' दाबा. एचडीएमआयचा व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मध्ये असेल तर त्याला वीज लागते. एचडीएमआय पोर्ट ५ व्होल्टवर फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी देतं, आणि भुकेल्या कन्व्हर्टरला ते पुरत नाही. कन्व्हर्टरच्या बाजूला छोटं यूएसबी तोंड असेल तर त्यात फोनचा चार्जर लावा.

दोष मॉनिटरचाच निघाला तर

मेनूही थरथरतोय, केबल नसतानाही थरथरतोय, दुसऱ्या घरी नेऊनही थरथरतोय. मग आधी अडॅप्टर. वीट वेगळी असेल तर तिच्यावरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, १९ च्या जागी १२ किंवा १२ च्या जागी १९ चालणार नाहीत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. मधल्या पिनेची धन-ऋण खूण जुळली पाहिजे, आणि भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा.

बाहेर अडॅप्टर नसलेल्या, वायरने थेट वीज आत घेणाऱ्या मॉनिटरमध्ये पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर फुगणं हा नेहमीचा आजार. चालू केल्यावर दहा मिनिटं लुकलुकतो आणि तापला की नीट चालतो, ही त्याची ओळख. दुरुस्ती स्वस्तात होते, पण घरी उघडू नका. २३० व्होल्ट आत गेल्यावर त्या बोर्डावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि वायर काढल्यानंतरही काही वेळ ते तिथेच असतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या दुकानात सील तोडू नका. बिल, मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि सुरुवातीला काढलेला व्हिडिओ तयार ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. टोलवाटोलवी सुरू झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यावा लागला तर तुमची केबल आणि अडॅप्टर सोबत न्या, तपासणी त्यांच्यावरच करायला सांगा.